टोपी घालणारा आणि त्याची बॅग उचलणारे : ‘ऑझ द ग्रेट अँड पॉवरफुल’

सिनेमा सुरू होऊन दहा-बारा मिनिटं झाली असतील. जत्रेतल्या तंबूत जादूगार प्रेक्षकांकडे बघून विचारतो की कोणी धीट माणूस पुढे येईल का, आणि गर्दीतून एक साधीशी मुलगी बुजत बुजत स्टेजवर येते. अण्णा सोफ्यावर पुढे सरकले. ‘‘थांबव, थांबव. ती त्याचीच हाय.’’

माझी लेक म्हणाली, ‘‘आबा, तुम्हाला कसं कळलं?’’

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी रिमोटकडे बघितलं. मग सांगावंच लागलं.

माझे वडील पंचवीसेक वर्षं सातारा जिल्ह्यातल्या शाळांमधून जादूचे प्रयोग करत हिंडले. खटाव, माण, कोरेगाव, पाटण. हेडमास्तरांना आधी पोस्टकार्ड, मग लोखंडी ट्रंक यष्टीच्या टपावर, व्हरांड्यात दोन-चार बाकं जोडून स्टेज, आणि पोरामागे आठ आणे, नंतर नंतर रुपया. आईनं शिवलेला मखमली कोट, त्यावर टिकल्या. कापडी बॅनरवर नावाआधी ‘प्रोफेसर’, कारण आपल्याकडे जादूगार म्हटलं की तो प्रोफेसरच असतो. आणि उन्हाळी सुट्टीत, दिवाळीनंतरच्या मोकळ्या आठवड्यात, तिसऱ्या रांगेत बसलेली ‘कोणीतरी एक मुलगी’ म्हणजे मी. झेडपीच्या शाळांचा गणवेश सगळीकडे सारखाच, पांढरा आणि निळा. त्यामुळे मी कुठेही खपून जायचे. ‘‘बाळ, तुझं नाव काय?’’ असं अण्णा विचारायचे आणि मी प्रत्येक गावात नवं नाव सांगायचे. वडूजजवळच्या एका शाळेत मात्र कानातून नाणं काढताना त्यांचं नख लागलं आणि मी सगळ्या शाळेसमोर ओरडले, ‘‘आई गं, अण्णा!’’ पोरं हसायला लागली. अण्णा अजिबात डगमगले नाहीत. ‘‘बरोबर! मला सगळी पोरं अण्णाच म्हणतात. म्हणा, अण्णा!’’ आणि दोनशे पोरांनी म्हटलं.

हे सगळं आधी सांगितलं, कारण ठकसेनाचा नायक कसा झाला ही गोष्ट मी सरळ प्रेक्षकाच्या खुर्चीतून बघूच शकत नाही. मी बघते ती बॅग उचलणाऱ्याच्या जागेवरून. हा सिनेमा मी 2013 साली आला तेव्हा पुण्यात थ्रीडी चष्मा लावून बघितला होता आणि ‘बरा आहे, डोळे दुखतात’ एवढंच मत घेऊन घरी आले होते. आता घरच्या टीव्हीवर, थ्रीडी वगैरे काही नसताना, एका बाजूला अण्णा आणि दुसऱ्या बाजूला आठ वर्षांची लेक घेऊन बघितला, आणि मत बरंच बदललं. काही बाबतीत चांगल्याकडे, एका बाबतीत फारच वाईटाकडे.

गोष्ट अशी. 1905 साल, अमेरिकेतलं कॅन्सस. ऑस्कर डिग्ज नावाचा एक फिरत्या जत्रेतला जादूगार. बायकांना फसवणारा, सोबत्याचे पैसे दाबणारा, तोंडाचा मात्र गोड. प्रत्येक नव्या मुलीला तो एक संगीतपेटी भेट देतो, ‘माझ्या आजीची शेवटची आठवण’ म्हणून. आजीच्या शेवटच्या आठवणींचा साठा त्याच्याकडे भरपूर आहे. जत्रेतल्या पहिलवानाच्या बायकोशी केलेली लगट अंगाशी येते, हा हातावर तुरी देऊन गरम हवेच्या बलूनमधून पळतो, वावटळ बलूनला गिळते आणि ऑझ नावाच्या अद्भुत देशात आणून टाकते. तिथे भाकीत झालेलं असतं की या देशाचंच नाव असलेला एक महान जादूगार आकाशातून येईल, दुष्ट चेटकिणीला हरवेल आणि राज्य करेल. याचं स्टेजवरचं नाव ऑझ. झालं. राजवाड्यात सोन्यानं भरलेलं दालन दिसल्यावर ‘मी तो नव्हेच’ असं कोण म्हणेल?

मूळ कादंबरी एल. फ्रँक बॉमची, 1900 सालची. त्यानं पुढे ऑझची एकूण चौदा पुस्तकं लिहिली. 1939 चा गाजलेला सिनेमा ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ तिच्यावरच. त्या गोष्टीत पडद्यामागे लपून यंत्रं चालवणारा एक म्हातारा लबाड जादूगार आहे. तो म्हातारा तरुणपणी तिथे आला कसा, हे सांगायला डिस्नेनं हा सिनेमा काढला. दिग्दर्शक सॅम रायमी. खर्च वीस कोटी डॉलरच्या वर, जगभरची कमाई एकोणपन्नास कोटींच्या आसपास. 1939 च्या सिनेमाचे हक्क दुसऱ्या कंपनीकडे असल्यामुळे त्यातले प्रसिद्ध लाल बूट इथे दाखवता आले नाहीत. बॉमच्या पुस्तकात ते बूट मुळात चांदीचे आहेत. लाल रंग त्या सिनेमाचा. बॉमची एक गंमत मला फार आवडते. त्यानं या जादूगाराला एक लांबलचक नाव दिलं आहे, ऑस्कर झोरोआस्टर फॅड्रिग आयझॅक नॉर्मन हेंकल इमॅन्युएल अँब्रॉइज डिग्ज. पहिल्या दोन नावांची आद्याक्षरं घेतली की ‘ऑझ’ होतं. डिग्जसकट उरलेल्यांची घेतली की ‘पिनहेड’ होतं, म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढ्या अकलेचा. म्हणून बिचारा पहिली दोनच वापरतो. आपल्या नावातही काय दडवायचं हे ज्याला कळतं तो खरा हातचलाख.

सुरुवातीचा कॅन्ससचा भाग माझ्या मते अख्ख्या सिनेमातला सगळ्यात चांगला. नावं येतात तीच जुन्या कागदी खेळण्यातल्या नाटकघरासारखी, एकामागून एक कापलेले पडदे सरकत. मग कृष्णधवल चित्र, आणि तेही टीव्हीच्या मधोमध जुन्या सिनेमासारखी चौकोनी चौकट करून. लेक म्हणाली, टीव्ही बिघडला. मी म्हटलं, थांब. धूळ, तंबूची ठिगळं, भाड्याचे दिवे, स्टेजमागे लटकवलेले कपडे. यातलं काहीही परीकथेतलं नाही, सगळं पोटासाठी केलेलं. अण्णा पहिल्यांदा गप्प झाले ते इथे. मागच्या बाजूला फ्रँक नावाचा सोबती घाम गाळून कळ फिरवतोय, गडगडाट करतोय, आणि पुढे साहेब हात पसरून उभे. मोबदला मागितला तर फ्रँकला टिचकीभर नाणी. आमच्या घरी फ्रँक म्हणजे माझी आई. ती कनातीमागून कबुतर सोडायची आणि प्रयोग संपल्यावर तीच जागोजागची विष्ठा पुसायची. तिला पगारच नव्हता, त्यामुळे तो दाबण्याचाही प्रश्न नव्हता.

आणि मग तो प्रसंग. ऑस्करनं मुलीला अधांतरी उचलल्याचा खेळ केलेला असतो. चाकाच्या खुर्चीतली एक लहान पोर पुढे होऊन म्हणते, मला चालायला लावा ना. तिला खरं वाटलेलं असतं. तिचे आईवडील घरातले होते नव्हते ते पैसे पुढे करतात. हा टोलवायला बघतो, प्रेक्षक चिडतात, प्रयोग उधळतो. रायमीनं इथे संगीताचा भडिमार केलेला नाही. पोरीच्या तोंडावरचा विश्वास आणि याच्या तोंडावरची पळवाट, एवढंच.

अण्णा म्हणाले, ‘‘ह्यो इथंच हारला. पुढं काय का करंना.’’

मला माहीत होतं ते कशाबद्दल बोलतायत. दहिवडीकडच्या एका शाळेत प्रयोगानंतर एक शेतकरी त्याच्या मुलाला घेऊन हेडमास्तरांच्या खोलीत आला होता. मुलगा सहा-सात वर्षांचा, बोलायचा नाही. बापानं टोपी काढून पायावर ठेवली. मी ट्रंक आवरत होते. अण्णांनी टोपी उचलून त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, ‘‘मी हातचलाखीवाला हाय ओ. माझ्याजवळ काय बी न्हाय. पोराला मिरजेला दाखवा.’’ त्याला ते पटेना. त्याला वाटलं, मोठा माणूस आहे, सोंग करतोय. मग अण्णांनी ट्रंक उघडून त्याला तांब्याचा दुहेरी तळ दाखवला. आयुष्यात त्यांनी परक्या माणसाला दाखवलेलं ते एकमेव गुपित. त्यानंतर प्रत्येक प्रयोगाच्या सुरुवातीला ते ‘ही विद्या नाही, सवय आहे’ असं म्हणायला लागले, आणि साताऱ्याला अंनिसचे, म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे, कार्यकर्ते चमत्कारांचे प्रयोग शिकायला यायचे तेव्हा त्यांना जिभेवर कापूर जाळण्याची युक्ती चहा पाजून शिकवायचे.

तर ऑस्कर हे करत नाही. तो पळतो. गोष्टीला पुढे जायला त्याचं पळणं लागतं, हे मला मान्य आहे.

बलून ऑझच्या देशात शिरतो, तेव्हा काळ्यापांढऱ्याचे रंग होतात आणि चौकोनी चौकट दोन्ही बाजूंनी हळूहळू सरकत पूर्ण पडदा व्यापते. थिएटरात तेव्हा लोकांनी ‘आ’ केलं होतं. लेकीनंही केलं. त्यानंतरची पंधरा-वीस मिनिटं मात्र मला गणपतीतल्या देखाव्यासारखी वाटली. फुलं उमलतात तर घंटेसारखी वाजतात, कळ्या म्हणजे रत्नं, धबधबे, नदीतल्या दातवाल्या पऱ्या. सुंदर आहे, पण नट कुठेतरी पुढे उभे आणि देखावा कुठेतरी मागे. सगळं मिशिगनमधल्या पाँटिअ‍ॅकच्या स्टुडिओत झालं, आणि ते दिसतं. मी चहा टाकायला उठले.

परत आले तेव्हा माकड आलं होतं.

फिनली. पंखवालं, हॉटेलातल्या पोऱ्याचा गणवेश घातलेलं, बोलघेवडं माकड. ऑस्कर एका सिंहापासून त्याला वाचवतो, तेही भुकटी फोडून धूर करून, आणि फिनली तिथल्या तिथे शपथ घेतो की आता आयुष्यभर तुमची चाकरी. ऑस्कर काय करतो? त्याच्या हातात बॅग देतो. केवढी ती बॅग! आणि बॅग देऊन थोडं पुढे गेल्यावर त्याला सांगतो की मी काही जादूगार वगैरे नाही, पण तू शपथ घेतली आहेस, तेव्हा कोणाला सांगायचं नाही. माकडाचा चेहरा बघण्यासारखा आहे. याला आवाज दिलाय झॅक ब्राफनं, आणि तोच कॅन्ससमध्ये फ्रँक होता. तिथे वागवला तसाच इथे वागवतो. गुपित सांभाळायला दिलेल्या माणसाचं काय होतं हे फार कमी सिनेमांना सुचतं. लबाडी करणाऱ्याला टाळ्या तरी मिळतात. ती सांभाळणाऱ्याला नुसतं ओझं. मी एका गावात प्रयोगाआधी तासभर एका मुलीबरोबर सागरगोट्या खेळले होते. तिनं मला फ्रॉकच्या खिशातले आवळे दिले. प्रयोगात मी ‘तिच्याच वर्गातली नवी मुलगी’ म्हणून स्टेजवर गेले. संध्याकाळी यष्टीत जादूगाराशेजारी बसलेली मी तिला खिडकीतून दिसले. तिनं हात केला नाही. आवळे माझ्या खिशात होते.

सुरुवातीला तंबूत स्टेजवर बोलावलेल्या त्या मुलीचं पुढे काय झालं, ते सिनेमा सांगत नाही. मे तिचं नाव. तिलाही संगीतपेटी मिळालेली असते. माझ्याशिवाय कोणाला तिची आठवण राहिली असेल असं वाटत नाही.

पण चिनी मातीची पोर सगळ्यांना आठवेल. चायना टाउन म्हणजे इथे खरंच चिनी मातीचं गाव, किटल्यांसारखी घरं, आणि ते चेटकिणीच्या उडत्या बबून माकडांनी फोडून टाकलेलं. ढिगाऱ्यात एक बाहुली जिवंत असते, तिचे पाय तुटलेले. ऑस्कर बॅगेतून डिंकाची बाटली काढतो आणि तिचे पाय चिकटवतो. ती उभी राहते, डुगडुगते, चालते. बाहुलीचा आवाज जोई किंगचा, आणि चाकाच्या खुर्चीतली ती पोर पण तीच. म्हणजे जी गोष्ट त्याला तिकडे जमली नाही ती इकडे जमते, आणि जमते ती जादूनं नाही, दोन आण्यांच्या डिंकानं. एवढं चांगलं काहीतरी लिहिणाऱ्यांनी एकाही संवादात ‘बघा बघा, काय योगायोग’ म्हटलेलं नाही. ते बघायचं काम आपल्यावर सोडलंय. लेकीनं ओळखलं, मला आधी सांगितलं, आणि वर ‘तुला कळलं नव्हतं ना’ असंही विचारलं.

ही बाहुली संगणकावर रंगवलेली आहे हे खरं, पण चित्रीकरणाच्या वेळी सेटवर दोऱ्यांवर चालणारी एक खरी कळसूत्री बाहुली होती, फिलिप ह्यूबर नावाच्या बाहुलीकारानं नाचवलेली. नट तिच्याशी बोलत होते, हवेशी नाही. म्हणूनच त्या बाहुलीसमोर ऑस्कर झालेल्या जेम्स फ्रँकोचा चेहरा एकदम माणसासारखा होतो. कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर मंडळींचा कळसूत्रीचा खेळ मी एकदा बघितला आहे. बाहुलीचं वजन दोऱ्यातून बोटांना लागतं आणि ते बघणाऱ्यालाही कळतं. इथे तसंच झालंय. त्या पोरीला वजन आहे. राजवाड्यांना नाही.

फ्रँकोबद्दल आता बोलूनच टाकते. त्याला या भूमिकेसाठी लान्स बर्टन या लास व्हेगासच्या नामांकित जादूगारानं शिकवलं होतं. अण्णांचं म्हणणं, ‘‘हात शिकलेत, खांदं शिकलं न्हाईत.’’ चांगला जादूगार खोटं बोलतो ते खांद्यातून, असं त्यांचं मत. फ्रँको ओठातून बोलतो. सारखं ते अर्धवट हसू. लबाड माणसाचं हसू समोरच्याला आपलंसं करतं. याचं हसू आपल्याला सांगतं की ‘मी लबाड आहे हं’. आमच्या तमाशात सोंगाड्या बतावणी करतो तेव्हा तोही उघड उघड खोटंच बोलत असतो, पण त्याच्या खोट्यात जीव असतो, लोक पैसे देऊन फसतात. फ्रँकोला ती बतावणी साधत नाही. या भूमिकेसाठी आधी रॉबर्ट डाउनी ज्युनियर आणि जॉनी डेप यांची नावं होती. डाउनीनं काय धमाल केली असती, हा विचार सिनेमाभर पाठ सोडत नाही.

आता तक्रार. मोठी.

ऑझमध्ये याला पहिल्यांदा भेटते ती थिओडोरा. लाल टोपी, लाल कोट, भोळी. चेटकीण असली तरी दुष्ट नाही. मिला कुनिसनं तिला इतकं पारदर्शक केलंय की काळजी वाटावी. रात्री शेकोटीपाशी हा तिला संगीतपेटी देतो. तीच ती, आजीची. ती नाचते त्याच्याबरोबर, त्याची राणी होण्याची स्वप्नं बघते. दुसऱ्या दिवशी हा पुढे चालता होतो. तिची बहीण इव्हानोरा, म्हणजे रेचल वाइझ, तिला स्फटिकाच्या गोळ्यात दाखवते की हा ग्लिंडा नावाच्या चांगल्या चेटकिणीबरोबर काय गुलुगुलु करतोय. थिओडोरा रडते आणि तिच्याच अश्रूंनी तिच्या गालावर भाजल्यासारखे चरे उठतात. मग बहीण एक हिरवं सफरचंद देते, ‘खा, दुखायचं थांबेल’. ती खाते, काळीज मरतं, अंग हिरवं होतं, नाक लांब होतं, आणि तिथून पुढे ती किंचाळत झाडूवर बसून फिरते.

लेकीनं विचारलं, ‘‘पण तिची काय चूक?’’

अण्णा म्हणाले, ‘‘तिची चूक कायच न्हाय. कुणाच्या तरी पेटीला भुलली.’’

हाच सिनेमाचा हिशेब आहे आणि तो चुकलेला आहे. ज्या माणसाची लबाडी सुधारण्याची ही गोष्ट, त्याच्या लबाडीनं झालेलं सगळ्यात मोठं नुकसान म्हणजे थिओडोरा. बाकी सगळं इव्हानोराचं पाप. हे मात्र त्याचं. आणि सिनेमा तिला भूत करून मोकळा. ज्या क्षणी ती हिरवी होते, त्या क्षणी आपण तिच्याबद्दल वाईट वाटून घ्यायचं नाही असा जणू आदेश निघतो. मिला कुनिसच्या आवाजाचाही त्या मुखवट्याखाली बळी गेलाय. किंचाळणं हे सगळ्यांचं सारखंच होतं. शेवटी ऑस्कर तिला म्हणतो की तुझा दुष्टपणा तुझा नाही, तुझ्यात चांगुलपणा परत आला तर परत ये. छान वाक्य आहे. पण ते तो कुठून म्हणतो? धुरावर पाडलेल्या स्वतःच्याच अक्राळविक्राळ चेहऱ्यातून, पडद्याआडून, यंत्रातून आवाज मोठा करून. तिला वाटतं की हा काहीतरी अमर राक्षस झालाय. ज्या बाईला शेकोटीपाशी हात धरून फसवलं, तिच्याशी बोलताना याच्याकडे स्वतःचं तोंड नाही. ती ‘कधीच नाही’ म्हणून निघून जाते, आणि मी सोफ्यावरून म्हटलं, शाब्बास.

दिग्दर्शकाला हे दिसलं नसेल असं मला वाटत नाही. दिसलं असेल आणि पुढचा फटाका पेटवायची घाई असेल.

कारण शेवटचा भाग म्हणजे फटाकेच, आणि तिथे अण्णा पंचाहत्तरीचे राहिले नाहीत. ग्लिंडाला, म्हणजे मिशेल विल्यम्सला, पहिल्या भेटीतच कळतं की हा जादूगार नाही. ती त्याला तसं सांगतेही. पण माझ्या लोकांचा तुझ्यावर विश्वास बसलाय, तोच वापर म्हणते. सैन्य म्हणजे शेतकरी, कारागीर आणि बुटके. त्यात अट अशी की ऑझच्या भल्या लोकांना कोणाचा जीव घ्यायची मुभा नाही. मग लढायचं कसं? रात्री चिनी मातीच्या पोरीला झोपवताना ऑस्कर तिला थॉमस एडिसनची गोष्ट सांगतो. मेन्लो पार्कचा जादूगार म्हणायचे त्याला. सांगता सांगता याच्या डोक्यात दिवा पेटतो. कारागिरांना कामाला लावतो. धुक्यातून हलणारी बुजगावणी पुढे सरकतात, चेटकिणींना वाटतं फौज आली, उडती बबून त्यांच्यावर तुटून पडतात आणि खाली खसखशीच्या फुलांचं शेत, सगळी झोपून जातात. मग हा सोनं भरून बलूनमधून पळाल्याचं दाखवतो, बलून जळतो, लोक हळहळतात, आणि अचानक धुरावर याचा प्रचंड चेहरा.

म्हणजे हा लढाई जिंकतो ती सिनेमा दाखवून.

इथे मला टीव्ही थांबवावा लागला, कारण अण्णा उभे राहिले होते. ‘‘केळफा!’’ म्हणाले. ‘‘ह्यो तर प्रोफेसर केळफा!’’ दादासाहेब फाळके सिनेमावाले होण्याआधी जादूचे प्रयोग करायचे आणि स्वतःचं आडनाव उलटं करून प्रोफेसर केळफा म्हणवून घ्यायचे, ही आमच्या घरातली गीता आहे. पॅरिसचा मेलिएस आधी जादूगार, मग सिनेमावाला. त्याच्याही शंभर वर्षं आधी रॉबर्टसन नावाचा माणूस त्याच पॅरिसमध्ये धुरावर भुतांची चित्रं पाडून लोकांना घाबरवायचा. आणि आपल्या कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी 1892 मध्ये काचेवर रंगवलेल्या चित्रांचा ‘शांबरिक खरोलिका’ सुरू केला, जादूच्या कंदिलातून हलणाऱ्या चित्रांचा खेळ. अण्णांनी हे सगळं लेकीला उभ्या उभ्या सांगितलं. ती पॉज केलेल्या हिरव्या धुराकडे बघत होती. सिनेमा चालू केल्यावर लगेच म्हणाले, ‘‘पर धूर असा थांबत न्हाय. जरा वारं आलं की नाक तिकडं, डोळं हिकडं.’’ त्यांना विचारलं, तुम्ही कधी केलंत? म्हणाले, एकदा उंब्रजला, कंदील आणि ओल्या गोवऱ्या घेऊन. मग? मग काय, हेडमास्तर खोकून खोकून बेजार.

या भागाची मजा मला एका गोष्टीसाठी पटते. ऑस्करला शेवटपर्यंत खरी जादू मिळत नाही. अशा गोष्टींत नायकाच्या अंगात ऐन वेळी काहीतरी चमकतं आणि मग तो खरंच महान निघतो. इथे नाही. त्याला जे येत होतं तेच येतं: धूर, तार, आरसा, बतावणी. फरक इतकाच की यावेळी दोन-तीनशे माणसं कनातीच्या मागे आहेत आणि सगळ्यांना गुपित माहीत आहे. लहानपणी मी एकटी सांभाळलेलं ओझं इथे अख्खं गाव मिळून उचलतं. बघताना मला जरा हेवा वाटला.

शेवटी तो सगळ्यांना भेटी देतो, आणि यावेळी संगीतपेट्या नाहीत. म्हाताऱ्या कारागिराला आपला खिशातला चाकू. सतत चिडलेल्या नक नावाच्या बुटक्याला हसरा मुखवटा. तो मुखवटा लावून अधिकच चिडतो, लेक लोळून हसली. मातीच्या पोरीला घरचं माणूस. आणि फिनलीला मैत्री, जी त्यानं आजवर कोणालाच दिलेली नसते. फिनलीचा चेहरा आठवून सांगते, बॅग उचलणाऱ्याला एवढं पुरतं. पुरायला नको खरं तर, पण पुरतं.

कोणी बघावा? दोन तास दहा मिनिटं आहेत, मधली अर्धी-पाऊण तास ढिली. सहा वर्षांखालच्या मुलांना ते उडते बबून आणि हिरवी चेटकीण रात्री त्रास देतील, तेव्हा जरा बघून. 1939 चा सिनेमा बघितला नसेल तरी काही अडत नाही. बघितला असेल तर पडद्यामागच्या जागेची ओळख पटून बरं वाटेल. मोठ्या पडद्याची गरज कॅन्ससला आणि शेवटच्या धुराला. मधल्या फुलांना नाही. मी पाचात तीन देईन, त्यातला एक पूर्ण त्या डिंकाच्या बाटलीला. अण्णा चार देतात. थिओडोराला काही देता येत असतं तर पाचही तिला दिले असते, असं लेक म्हणते, आणि तिचं गणित मला पटतं.

सिनेमा संपल्यावर तिनं पहिली मागणी केली ती अशी की यंदा सोसायटीच्या गणपतीत आबांनी प्रयोग करायचा आणि प्रेक्षकांतली मुलगी तिनं व्हायचं. मी म्हटलं, अगं, इथे तुला सगळे ओळखतात, पहिल्या मिनिटाला पकडतील.

अण्णांनी विचार केला. ‘‘मग शेजारच्या सोसायटीत करू.’’